अंतर, वारा आणि वाट : दूरच्या हवाई प्रवासाच्या अभ्यासाची प्रस्तावना

मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात अंतर किती, असे विचारले तर जाणकार माणूस सुमारे १२,५०० किलोमीटर असे चटकन सांगेल. प्रवासाला वेळ किती लागतो, असे विचारले तर मात्र तोच माणूस उलट प्रश्न करील : जायचे आहे की यायचे आहे? कोणत्या महिन्यात? आणि सध्या वाटेतल्या कोणकोणत्या देशांचे आकाश खुले आहे? न थांबता जाणाऱ्या विमानाला मुंबईहून न्यूयॉर्कला साधारण सोळा तास लागतात आणि परतताना चौदाच्या आसपास. एखादी हवाई हद्द बंद झाली की यात आणखी भर पडते. शहरे जागची हललेली नसतात, विमान तेच असते, तरी प्रवास कधी लांबतो आणि कधी आखडतो. असे का होते, हे नीट समजून घेण्याचा हा विषय आहे आणि या विषयात नव्याने पाऊल ठेवणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे.

या अभ्यासाला एकच एक शास्त्र पुरत नाही. पृथ्वीचा आकार आणि मोजमाप भूमापनशास्त्राकडून घ्यावे लागते, गोलावरचे गणित त्रिकोणमितीकडून, वाऱ्यांची माहिती हवामानशास्त्राकडून आणि सीमांचा इतिहास राज्यशास्त्राकडून. पण या सगळ्यांना बांधणारे सूत्र सोपे आहे. दोन शहरांमधले अंतर पृथ्वीचा आकार ठरवतो, प्रवासाचा वेळ वारा ठरवतो आणि प्रत्यक्ष वाट माणसे ठरवतात. हे तीन निर्णय एकमेकांपासून वेगळे करून पाहता येऊ लागले की वेळापत्रकातला कोणताही आकडा आपल्याशी बोलू लागतो. पुढील विवेचन याच क्रमाने केले आहे.

(१)

पहिली ओळख नकाशाशी नव्हे, पृथ्वीगोलाशी करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा एक गोल घ्या आणि एक दोरा. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरा, दुसरे न्यूयॉर्कवर आणि दोरा ताणून घट्ट करा. मुंबईहून पश्चिमेला असलेल्या शहराकडे जाणारा दोरा पश्चिमेकडे जाईल, अशी आपली समजूत असते. तो जातो उत्तरेकडे. मुंबईतून निघताना त्याची दिशा उत्तरेपासून जेमतेम २७ अंश पश्चिमेला कललेली असते. कच्छवरून तो सिंधमध्ये शिरतो, कंदाहारच्या बाजूने तुर्कमेनिस्तान ओलांडतो, मॉस्कोजवळून आणि मग हेलसिंकीच्या किंचित उत्तरेकडून जातो, नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या परिसरात समुद्रावर येतो. आइसलंडच्या थोडे पूर्वेला तो सुमारे ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचतो, म्हणजे आर्क्टिक वृत्त तिथून हाकेच्या अंतरावर राहते. तिथून तो उतरणीला लागतो. आइसलंडचा दक्षिण भाग, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाचा परिसर, कॅनडातला लॅब्राडोर असे करत तो न्यूयॉर्कला येतो. निघण्याचे ठिकाण १९ अंशांवर आणि पोहोचण्याचे ४१ अंशांच्या आत असूनही सर्वांत जवळची वाट ६५ अंशांना शिवून येते.

ताणलेला दोरा ज्या रेषेवर बसतो, ती बृहद्वृत्ताची कंस-रेषा. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारे प्रतल पृष्ठभागाला जिथे छेदते तिथे बृहद्वृत्त मिळते आणि गोलावरच्या कोणत्याही दोन ठिकाणांमधली सर्वांत आखूड वाट त्याच्यावरच असते. आता हाच प्रवास भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर पट्टीने आखून पाहा. पट्टीची रेषा अरबस्तान, इजिप्तचा दक्षिण भाग, लिबिया, अल्जीरियातले सहारा आणि मोरोक्को ओलांडून अटलांटिकवर जाते. दिसायला ती सरळ आहे. पण गणित केले तर तिची लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. बृहद्वृत्तापेक्षा जवळजवळ १,७०० किलोमीटर जास्त, म्हणजे जेट विमानाच्या वेगाने पाहिले तर दोन तासांना थोडे कमी.

यात मर्केटरचा दोष नाही. १५६९ साली त्याने जो नकाशा सिद्ध केला, तो खलाशांसाठी होता. होकायंत्राची दिशा न बदलता गेले तर जी वाट मिळते ती नकाशावर सरळ दिसावी, हा त्याचा हेतू होता आणि तो त्याने पुरा केला. दिशा कायम ठेवणारी वाट आणि सर्वांत आखूड वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पोर्तुगीज गणिती पेद्रू नुनिश याने त्याच्याही आधी, १५३७ साली मांडले होते. शिडाच्या जहाजाला वारा नेईल तिकडे जावे लागे, म्हणून हा भेद बराच काळ विद्वानांपुरता राहिला. विमान आले आणि त्याला रोकडे मोल आले.

गणित किती सुटसुटीत आहे, ते मुंबई आणि लंडन यांच्या उदाहरणावरून पाहू. दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश घेऊन गोलीय त्रिकोणमितीचे एक सूत्र लावले की पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन मिळतो. तो येतो सुमारे ६४.९ अंश. एका अंशाचे साठ कलांत विभाजन होते आणि एका कलेइतके पृष्ठभागावरचे अंतर म्हणजे एक सागरी मैल. म्हणून ६४.९ ला ६० ने गुणले की ३,८९४ सागरी मैल. सागरी मैल १,८५२ मीटरचा, त्यामुळे हे अंतर ७,२०० किलोमीटरच्या किंचित वर जाते. वैमानिक आजही अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये मोजतात, त्यामागे हीच सोय आहे. कोन आणि अंतर यांच्यात एका गुणाकाराचेच काम उरते.

(२)

हे गणित ज्या पृथ्वीवर चालते, तिचे माप आपल्यापर्यंत कसे आले, ही कथा या विषयाचा पाया आहे आणि तिचे दोन धागे महाराष्ट्रातून जातात.

पहिला धागा भास्कराचार्यांचा. ११५० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायात त्यांनी पृथ्वीचा परीघ कसा काढावा, याची रीत दिली आहे. एकाच दक्षिणोत्तर रेषेवरची दोन नगरे घ्यावीत, त्यांच्यातले अंतर मोजावे, त्यांच्या अक्षांशांमधला फरक काढावा आणि एवढ्या अंशांना एवढे अंतर तर ३६० अंशांना किती, असे त्रैराशिक मांडावे. उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या हिश्शाइतकी दूर आहे, असेही ते सांगतात. सोळावा हिस्सा म्हणजे साडेबावीस अंश. उज्जैनचा आजचा अक्षांश २३ अंशांच्या जरासा पुढे आहे. दोन शहरांमधल्या अंतरावरून साऱ्या पृथ्वीचे माप काढण्याचा हा विचार आपण आज उलटा वापरतो. पृथ्वीचे माप ठाऊक आहे, म्हणून शहरांचे अंतर काढतो. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनाची नोंद आहे. तेव्हा हा वारसा आपल्या अंगणातला आहे, याचे भान ठेवून पुढे जावे.

दुसरा धागा हिंगणघाटचा. विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला. त्रिकोणामागून त्रिकोण जोडत हे काम दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत होते आणि १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे काम चालू असतानाच त्याचे निधन झाले. त्याची समाधी तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हे काम हाती घेतले. एवढ्या खटाटोपातून जे हाती आले, त्यात पृथ्वीचा नेमका आकार ही मोठी कमाई होती. पृथ्वी पुरती गोल नाही. ती ध्रुवांपाशी दबलेली आहे. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाशी ६,३५७. एव्हरेस्टच्या नावाने ओळखला जाणारा पृथ्वीचा नमुना भारताच्या नकाशांना पुढे दीर्घकाळ पायाभूत राहिला. आज उपग्रहांच्या जोरावर ठरलेला डब्ल्यूजीएस ८४ हा नमुना जगभर वापरला जातो.

एकवीस किलोमीटरांचा हा फरक विद्यार्थ्याने किती मनावर घ्यावा? पृथ्वी गोल धरून काढलेल्या अंतरात हजारामागे पाचपर्यंत चूक येऊ शकते. वहीत आकडेमोड करताना ती खुशाल सोडून द्यावी. नेमकेपणा हवा असेल तेव्हा थॅडियस विन्सेंटी याने १९७५ साली प्रसिद्ध केलेली सूत्रे हाताशी आहेत. पण गोलाचे साधे गणित हाताने केल्याशिवाय त्या सूत्रांकडे वळू नये. कोन डोळ्यांपुढे उभा राहिला की पुढचे सारे सोपे जाते.

(३)

अंतर हाती आले की वेगाने भागून वेळ काढावा, असे वाटते. या वळणावर विषय खरा रंगतो, कारण विमान जमिनीवर धावत नाही, हवेत उडते, आणि हवा स्वतः चाललेली असते.

लांब पल्ल्याची आजची विमाने ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडतात. हा वेग भोवतालच्या हवेच्या सापेक्ष असतो. जमिनीच्या सापेक्ष वेग हवा असेल तर त्यात वाऱ्याचा वेग मिळवावा किंवा वजा करावा लागतो. मुंबई–लंडन हे ७,२०० किलोमीटरचे अंतर घ्या आणि पश्चिमेकडून ताशी १०० किलोमीटरचा वारा वाहत आहे असे धरा. जाताना वेग ८०० चा, म्हणून वेळ नऊ तास. येताना वेग १,००० चा, म्हणून वेळ सात तास बारा मिनिटे. दोन्ही मिळून सोळा तास बारा मिनिटे. आता वारा शून्य धरा : आठ अधिक आठ, सोळा तास. जाताना जे गमावले ते येताना परत मिळेल, असे मनात येते, पण बारा मिनिटे कायमची जातात. कारण अडवणाऱ्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते आणि साथ देणाऱ्या वाऱ्यात कमी. स्थिर वारा कोणत्याही दिशेचा असो, जाऊन येऊन होणाऱ्या प्रवासाचा वेळ तो वाढवतोच. वाचकाने निरनिराळे आकडे घालून हे स्वतः पडताळून पाहावे. एवढ्या एका उदाहरणावर तास रंगलेला मी वर्गात पाहिला आहे.

प्रत्यक्षात वारा इतका सौम्य आणि सरळ नसतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी विमाने जिथे उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद आणि जोरकस पट्टे असतात. त्यांना आपण जेट स्ट्रीम म्हणतो. त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटर असणे नवलाचे नाही आणि हिवाळ्यात तो याच्याही बराच वर जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले आणि जगाला कळावे म्हणून आपला अहवाल एस्परांतो भाषेत लिहिला. जगाने तो फारसा वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून आलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना याच वाऱ्यांनी जेरीस आणले, तेव्हा त्यांची दखल सर्वत्र घेतली गेली. १९५२ च्या नोव्हेंबरात पॅन अमेरिकन कंपनीच्या विमानाने तोक्योहून होनोलुलूला जाताना हा वारा मुद्दाम पाठीशी घेतला आणि अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांवर आणला. ज्ञान आणि उपयोग यांच्यात पाव शतकाचे अंतर पडले, ही गोष्ट भाषेबद्दल आणि प्रसाराबद्दल आस्था असणाऱ्यांनी विसरू नये.

आपल्या पावसाळ्याचा एक स्वतंत्र जेट आहे. जून ते सप्टेंबर या काळात भारतीय द्वीपकल्पावर खूप उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे जोराचा वारा वाहतो. पी. कोटेश्वरम् या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५८ साली त्याचे व्यवस्थित वर्णन केले. पावसाळ्यात मुंबईहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला सुरुवातीच्या टप्प्यात त्याची थोडी मदत होते. एकाच उड्डाणाचा वेळ महिन्यागणिक का बदलतो, याचे उत्तर अशा मोसमी उलाढालींत दडलेले असते.

वारा इतका प्रभावी असेल, तर सर्वांत आखूड वाट ही सर्वांत लवकर पोहोचवणारी वाट असेलच असे नाही. एर्न्स्ट झेर्मेलो या गणितज्ञाने १९३१ साली हाच प्रश्न शुद्ध गणिताच्या भाषेत विचारला : वाऱ्याचे चित्र ठाऊक असेल, तर कमीत कमी वेळात पोहोचण्यासाठी क्षणोक्षणी कोणत्या दिशेने सुकाणू धरावे? आज प्रत्येक लांब उड्डाणापूर्वी संगणक याच प्रश्नाचे उत्तर शोधत असतो. त्याचा ढळढळीत पुरावा २०१६ च्या ऑक्टोबरात मिळाला. एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान एरवी अटलांटिकवरून जाई. त्या वेळी ते पॅसिफिकवरून नेले गेले. वाट हजाराहून अधिक किलोमीटरनी वाढून सुमारे १५,३०० किलोमीटरची झाली, पण पाठीशी वारा मिळाल्याने साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा सुमारे दोन तास आधी, विमान पोहोचले. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या काळात एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत आले आणि जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला. हा आकडा ध्वनीच्या वेगाच्या पुढचा दिसतो, तरी विमानाने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती. भोवतालची हवाच त्याला घेऊन निघाली होती.

उत्तर अटलांटिकवर ही वाऱ्याची बेरीज-वजाबाकी दररोजची आहे. युरोपहून अमेरिकेकडे जाणारी विमाने बहुतांशी दिवसा निघतात, अमेरिकेहून युरोपकडे येणारी बहुतांशी रात्री. त्या त्या दिवसाचा वारा पाहून दोन्ही दिशांच्या समांतर वाटा आखल्या जातात. पश्चिमेकडच्या वाटा जेट स्ट्रीमला टाळून, पूर्वेकडच्या तिचा फायदा घेऊन. समुद्रावर खुणा नसतात, तरी या वाटा रस्त्यांइतक्या काटेकोर असतात आणि दुसऱ्या दिवशी त्या जागा बदलतात.

(४)

पृथ्वी आणि वारा यांचे ऐकून झाले की माणसांची पाळी येते. माणसांनी घातलेल्या बंधनांपैकी काही सुरक्षेपोटी आली, काही सत्तेपोटी.

सुरक्षेचे उदाहरण इंजिनांचे. अमेरिकेत १९५३ पासून असा नियम होता की दोन इंजिनांच्या विमानाने वाटेत कुठेही असताना एका इंजिनावर साठ मिनिटांच्या आत विमानतळ गाठता आला पाहिजे. त्यामुळे महासागर ओलांडताना अशा विमानांना किनाऱ्याकिनाऱ्याने वळसा घ्यावा लागे. इंजिने भरवशाची होत गेली तशी ही मर्यादा १९८५ मध्ये १२० मिनिटांवर आणि पुढे १८० मिनिटांवर नेली गेली आणि नकाशावरच्या वाटा सरळ झाल्या. दुसरे उदाहरण तिबेटचे. तिथल्या पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटरच्या घरात आहे. विमानातला हवेचा दाब अचानक घटला तर वैमानिकाला लगेच सुमारे तीन हजार मीटरपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू काही मिनिटांपुरताच असतो. खाली जमीनच त्याहून उंच असेल तर उतरायचे कुठे? म्हणून बृहद्वृत्त त्या पठारावरून जात असले तरी विमाने सहसा त्याला वळसा घालतात.

सत्तेची बंधने अधिक अस्थिर असतात. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती. २०२५ च्या एप्रिलपासून ती भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली. वर दोरा ताणून पाहिला तेव्हा कच्छनंतरचा प्रदेश कोणता होता, हे आठवले की उत्तर भारतातून पश्चिमेकडे निघालेल्या विमानांना अशा वेळी काय सोसावे लागते, ते ध्यानात येईल. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाले आणि हेलसिंकी–तोक्यो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास तेरा तासांवर गेला. विमान उत्तर ध्रुवावरून जाऊ लागले. जुन्या अभ्यासकांना यात नवे काही वाटले नसेल. शीतयुद्धाच्या काळातही सोव्हिएत आकाश बंद असल्याने युरोपची विमाने तोक्योला जाताना अलास्कातल्या अँकरेजला थांबा घेत. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने १९५७ साली कोपनहेगनहून ही वाट नियमित सुरू केली होती.

आपल्याला जवळचे उदाहरण मुंबई आणि तेल अवीव यांचे आहे. बृहद्वृत्ताने पाहिले तर ही दोन शहरे सुमारे ४,०५० किलोमीटर अंतरावर आहेत, म्हणजे प्रवास पाच-साडेपाच तासांचा असायला हवा. पण सौदी अरेबियाचे आकाश इस्रायलकडे जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांना बंद होते, त्यामुळे इस्रायली विमान तांबड्या समुद्रावरून दक्षिणेला उतरून, एडनचे आखात ओलांडून, मग अरबी समुद्रावरून मुंबईला येई. दोन तासांच्या आसपास वेळ यात जाई. कोकणातून इस्रायलला गेलेला, घरात मराठी बोलणारा आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवणारा बेने इस्रायली समाज ज्या दोन टोकांना जोडतो, त्यांच्यामधली ही वाट होती. २२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचे दिल्ली–तेल अवीव विमान सौदी अरेबियाच्या आकाशातून गेले, तेव्हा दशकानुदशकांची ती अडवणूक प्रथमच सैल झाली. पृथ्वीचा आकार तसूभर बदलला नव्हता, वारा बदलला नव्हता. एका सहीने दोन शहरे जवळ आली. अशा घटना या विषयाच्या कक्षेबाहेरच्या मानू नयेत. त्या त्याच्या गाभ्यातल्या आहेत.

(५)

वेळेबद्दल बोलताना घड्याळाची स्वतंत्र दखल घ्यावी लागते. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. उन्हाळ्यात मुंबईहून पहाटे दोनला निघालेले विमान सोळा तासांनी न्यूयॉर्कला पोहोचते तेव्हा तिथे त्याच दिवशीचे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. कागदावर प्रवास साडेसहा तासांचा दिसतो. परतताना न्यूयॉर्कहून दुपारी बाराला निघाले आणि चौदा तास लागले, तर मुंबईत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेअकरा. कागदावर साडेतेवीस तास. आता हे दोन भासमान आकडे एकत्र करा : साडेसहा आणि साडेतेवीस, म्हणजे तीस. खरे आकडे सोळा आणि चौदा, बेरीज तीसच. जाण्यायेण्याचे वेळ मिळवले की दोन शहरांच्या घड्याळांमधला फरक आपोआप गळून पडतो. प्रमाणवेळांचे कोष्टक जवळ नसतानाही नुसत्या वेळापत्रकावरून सरासरी वेळ पंधरा तास आहे, हे यावरून काढता येते. नवशिक्या वाचकाला माझ्या मते ही सर्वांत आनंद देणारी युक्ती आहे.

वेळापत्रकातला वेळ धावपट्टी सोडल्यापासून धरलेला नसतो. विमानाच्या चाकांखालचे अडसर काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा तो काळ असतो. धावपट्टीपर्यंतची सरपट, रांग, चढण, उतरणीपूर्वीच्या घिरट्या असे सगळे त्यात येते. म्हणून १२,५०० ला १५ ने भागले की ताशी ८३० च्या आसपास वेग येतो, ९०० नव्हे.

घड्याळे एकसारखी असावीत, हा हट्टही फार जुना नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, पण मुंबईने आपली स्वतःची वेळ सोडली नाही. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ही मुंबई वेळ १९५५ पर्यंत वापरात होती. म्हणजे ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत लंडनला जाण्यासाठी मुंबईहून निघाले, तेव्हा हे शहर आपल्याच देशाच्या घड्याळापेक्षा वेगळे घड्याळ पाहत होते. त्याच्याही आधी, १९२९ मध्ये लंडनहून कराचीला सुरू झालेल्या हवाई सेवेला सात दिवस लागत आणि त्यातला एक टप्पा रेल्वेने करावा लागे. कराचीपासून मुंबईपर्यंतची टपाल जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी एका इंजिनाच्या छोट्या विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला आणली. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले आणि दिवसांचा हिशेब तासांवर आला.

(६)

या विषयाकडे वळणाऱ्याची तयारी किती असावी? दहावीपर्यंतची त्रिकोणमिती, एक पृथ्वीगोल, दोरा आणि कुतूहल. गोलीय त्रिकोणमिती हळूहळू शिकता येते. वाचकाने एकच जोडी निवडावी आणि तिचा शेवटपर्यंत पाठपुरावा करावा, असे सुचवतो. ज्याचे माणूस सिडनीत आहे त्याने मुंबई–सिडनी घ्यावे, ज्याचे दुबईत आहे त्याने पुणे–दुबई. आधी बृहद्वृत्त काढावे. मग वर्षभराच्या वेळापत्रकांतून जाण्यायेण्याच्या वेळा नोंदवाव्यात आणि त्यांच्या फरकातून वाऱ्याचा अंदाज बांधावा. शेवटी विमान प्रत्यक्षात कुठून जाते ते पाहून बृहद्वृत्तापासून ते कुठे आणि का ढळते, याची कारणे लिहावीत. भूगोल, विज्ञान आणि इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांनी हा प्रकल्प एकत्र हाती घेतला, तर तीन विषयांच्या मधल्या भिंती विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत विरघळतील.

अभ्यासाला उद्याचे प्रश्नही पुष्कळ आहेत. लांबच्या उड्डाणात विमानाच्या सुटतेवेळच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा इंधनाचाच असू शकतो आणि ते इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन जळते. म्हणून दहा मिनिटे वाचवणारी वाट म्हणजे वातावरणात कमी जाणारा धूर. हवामानबदलाने जेट स्ट्रीम अधिक जोरकस झाली तर अटलांटिकवरचा जाऊन येऊन प्रवास एकूण लांबेल, असे रेडिंग विद्यापीठातल्या संशोधनाने २०१६ मध्ये दाखवले. वरच्या बारा मिनिटांच्या उदाहरणात जो नियम पाहिला, तोच इथे मोठ्या प्रमाणावर कामाला लागतो. भारतावरच्या वाऱ्यांचे काय होईल, मोसमी पूर्व-जेटमधले बदल आपल्या उड्डाणांना कसे भोवतील, बंद आकाशांची किंमत इंधनात आणि माणसांच्या तासांत कशी मोजावी, या प्रश्नांवर मराठी माणसाने आपल्या भाषेत विचार करावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. हा विषय इंग्रजीत विपुल आहे. आपली लाखभर घरे मात्र जगाच्या दोन टोकांवर वाटली गेली आहेत, आणि मुलाला भेटायला निघालेल्या आईला, परीक्षेला जाणाऱ्या विद्यार्थ्याला, अंत्यदर्शनासाठी धावणाऱ्या मुलीला हे तास प्रत्यक्ष सोसावे लागतात. त्या तासांमागचे कारण समजणे हा त्यांचा हक्क आहे.

तेव्हा या दालनात मोकळ्या मनाने यावे. सूत्रांची भीती बाळगू नये, कारण एकेक सूत्र एखाद्या दिसणाऱ्या गोष्टीतून आले आहे. आणि पुढच्या वेळी कुणी दोन शहरांमधले अंतर सांगितले, तर तीन प्रश्न विचारल्याशिवाय ते स्वीकारू नये : हे अंतर पृथ्वीवरचे आहे की विमानाने खरोखर कापलेले? त्या दिवशी वारा कोणत्या बाजूचा होता? आणि वाटेतले कोणते आकाश कुणी, कशासाठी मिटले होते? हे तीन प्रश्न ज्याला सुचतात, तो या विषयाचा अभ्यासक झालाच.